अनुदान छपरावर, पंखा मात्र वाऱ्यावर!

२०१५ च्या मार्च महिन्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी, ज्यांना परवडते त्यांनी स्वयंपाकाच्या गॅसवरील अनुदान आपणहून सोडावे, असे आवाहन केले. 'हाती आलेला पैसा कोण सोडतो?' असा तिरकस प्रश्न विचारणारे तेव्हाही होतेच. परंतु साधारण वर्षभरात सुमारे एक कोटी कुटुंबांनी ते अनुदान सोडले. त्यात निवृत्तिवेतनावर जगणारे होते, शिक्षक होते, बँकेतील कारकून होते. घरगुती विजेसाठी शासनाने कोणाला व कशी सवलत द्यावी, याचा विचार करताना हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. मध्यमवर्ग याचक नाही. त्याची अपेक्षा इतकीच की, त्याने भरलेल्या करातून जी सवलत दिली जाते तिच्यामागे विचार असावा आणि तिने खरोखर वीज वाचावी.

वीज वाचविण्याचे दोन मार्ग आपल्या शासनाने गेल्या दशकात अवलंबिले. त्यांतील पहिला म्हणजे ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेली 'उजाला' योजना. तत्पूर्वी, २००९ मध्ये 'बचत लॅम्प योजना' आली होती. साध्या बल्बच्या किमतीत, म्हणजे १५ रुपयांत, सीएफएल दिवा द्यायचा आणि उरलेली किंमत आंतरराष्ट्रीय बाजारात कार्बन पत विकून वसूल करायची, अशी ती कल्पना होती. परदेशातील त्या बाजारात पतींचे भाव कोसळले आणि योजनाही ठप्प झाली. आपल्या घरातला दिवा परक्यांच्या बाजारभावावर पेटवू पाहिला की दुसरे काय होणार?

'उजाला'ने हा परावलंबी मार्ग सोडला. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने कोट्यवधी दिव्यांची एकत्र मागणी नोंदवून निविदा काढल्या. एवढी मोठी मागणी निश्चित आहे म्हटल्यावर उत्पादकांनी कारखाने वाढविले, आपसांत स्पर्धा केली आणि २०१४ च्या प्रारंभी ३१० रुपयांना पडणारा एलईडी दिवा दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला. काही राज्यांत तर ग्राहकाने दरमहा १० रुपये वीजबिलातून फेडावेत अशी सोय होती. जानेवारी २०२२ पर्यंत ३६ कोटी ७८ लाख दिवे वाटले गेले. त्यातून वर्षाला ४,७७७ कोटी युनिटची बचत होते आणि संध्याकाळची कमाल मागणी ९,५०० मेगावॅटहून अधिक घटते, असा शासनाचा हिशेब आहे. या योजनेत शासकीय तिजोरीतून ग्राहकाला अनुदान म्हणून एक रुपयाही दिला गेला नाही! बाजारातच दिवा स्वस्त झाल्याने योजनेत नाव न नोंदविलेल्या माणसालाही तो स्वस्तच मिळाला. झोपडीतला, चाळीतला, भाड्याच्या खोलीतला, बंगल्यातला असा भेद तेथे उरला नाही.

दुसरा मार्ग रोख अनुदानाचा. २०२४ च्या फेब्रुवारीत 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' जाहीर झाली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसविण्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद झाली. एक किलोवॅटच्या संचाला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये थेट बँकेच्या खात्यात जमा होतात. अनुदानासाठी सौरपट्ट्या भारतातच बनलेल्या असाव्यात, ही अट तर स्वदेशीच्या आग्रहाला धरूनच आहे. एक किलोवॅटचा संच महिन्याला साधारण १२० युनिट वीज देतो, हे ध्यानात घेतले म्हणजे योजनेचे मोल कळते. योजना उत्तम आहे, यात शंका नाही.

तिचे नाव मात्र तितकेसे चांगले नाही. शासनाने धरलेल्या किमतीनुसार तीन किलोवॅटच्या संचाला १ लाख ४५ हजार रुपये पडतात; अनुदान वजा जाता उरलेले ६७ हजार ते कुटुंबच घालते किंवा त्यासाठी कर्ज काढते. स्वतःच्या पैशाने स्वतःची वीज निर्माण करणाऱ्या या स्वाभिमानी उद्योगाला 'मुफ्त' का म्हणायचे? महाराष्ट्रात २००४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर झाली आणि वर्ष सरते न सरते तोच तत्कालीन सरकारला ती मागे घ्यावी लागली. फुकटच्या विजेचा मोह त्यानंतरही कोणत्याच पक्षाला पुरता टाळता आलेला नाही. आपल्या विचारांच्या पक्षालाही नाही. असो.

मूळ प्रश्न नावाचा नाही, छपराचा आहे. ज्याच्या मालकीचे छप्पर, त्यालाच हे अनुदान. कोकणातला कौलारू घराचा मालक, सांगली-साताऱ्यातला बंगलेवाला, तालुक्याच्या गावचा दुमजली घराचा धनी यांना ते सहज घेता येते. पण डोंबिवली, ठाणे, पिंपरी-चिंचवड येथे सदनिकेत राहणाऱ्यांचे काय? गच्ची गृहनिर्माण संस्थेची. पुष्कळदा तीही नाही, कारण मानीव अभिहस्तांतरण झालेलेच नसते आणि जमीन-इमारत कागदोपत्री अजून बिल्डरच्याच नावावर असते. एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. ८० सदनिकांच्या इमारतीत प्रत्येकाला तीन किलोवॅट द्यायचे तर २४ हजार चौरस फुटांची गच्ची हवी. ती कोठून आणायची? अशा संस्थांना लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांसाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये मिळतात, म्हणजे स्वतंत्र घराला पहिल्या दोन किलोवॅटसाठी किलोवॅटमागे जे मिळते त्याच्या साठ टक्केच. गच्चीवरील एकाच संचाची वीज सभासदांच्या वेगवेगळ्या बिलांतून वजा करण्याची पद्धत काही अशक्य नाही. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने त्याचे नियम २०१९ मध्येच केले. आपल्याकडे प्रत्येक गृहसंस्थेला हे विनासायास करता आले पाहिजे. तरीही भाडेकरू उरतोच, आणि त्याच्या वाट्याला यातले काहीही येत नाही.

मग अनुदान देऊच नये काय? तसे मुळीच नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला १०० युनिटांहून कमी वीज वापरणाऱ्या ग्राहकांसाठी केंद्राच्या अनुदानात स्वतःची भर घालणारी योजना आणली. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या अंत्योदयाशी सुसंगत असे हे पाऊल आहे. ज्याला खरोखर परवडत नाही त्याला रोख साह्य आणि बाकी सर्वांसाठी बाजारातली किंमत खाली आणणे, अशी ही विभागणी असावयास हवी.

ती झाली तर सर्वांत आधी हाती घ्यावा असा विषय म्हणजे छताचा पंखा. मराठी घरात वातानुकूलन यंत्र असेल वा नसेल, पंखा नाही असे घर विरळाच. जुना पंखा ७० ते ८० वॅट वीज खातो. नवा बीएलडीसी पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. युक्ती साधी आहे. जुन्या मोटारीत विजेचा मोठा भाग उष्णता होऊन वाया जातो आणि रेग्युलेटर फिरवून वेग कमी केला तरी बचत बेताचीच होते. नव्या मोटारीत कायम चुंबक असतो व इलेक्ट्रॉनिक मंडल तिला हवी तेवढीच वीज देते. दिवसाला १२ तास आणि वर्षाला २५० दिवस पंखा चालला तर एका पंख्यामागे १३५ युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तरी हजार रुपयांहून अधिक! चार पंख्यांच्या घराने स्वतःच हा गुणाकार करून पाहावा. विशेष म्हणजे आपल्या देशात हा पंखा लोकप्रिय करण्यात मुंबई आयआयटीतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी २०१२ मध्ये उभारलेल्या ऍटमबर्ग या कंपनीचा मोठा वाटा आहे. स्वदेशी म्हणजे केवळ साबण आणि मंजन नव्हे, ते असे असते.

अडचण आहे ती दुकानात. साधा पंखा दीड हजारात मिळतो आणि बीएलडीसी अडीच ते साडेतीन हजारांना. महिन्याचा ताळमेळ बसविणारी गृहिणी दीड हजाराचाच घेणार. तिला दोष कसा देता येईल? 'एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस'ने २०२३ मध्ये एक कोटी पंखे आणि २० लाख इंडक्शन शेगड्यांचा कार्यक्रम जाहीर केला. पण 'उजाला'च्या दिव्यासारखा तो पंखा घराघरांत पोहोचल्याचे दिसत नाही. शेगडीचे महत्त्वही कमी नाही, कारण आपल्याला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी सुमारे ६० टक्के आयात करावा लागतो, आणि तोही मुख्यतः पश्चिम आशियातून. परंतु शेगडीने स्वयंपाकाची सवय बदलावी लागते. पंख्याने काहीच बदलावे लागत नाही. म्हणून पंखा आधी.

करांच्या बाबतीतही विचार हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्के झाला, हे स्वागतार्हच. मात्र एका ताऱ्याच्या आणि पाच ताऱ्यांच्या यंत्राला कर सारखाच राहिला. पंख्याचेही तसेच, छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचे लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे आहे, पण करवसुली ते लेबल वाचत नाही. सौरपट्ट्यांवरचा कर त्याच वेळी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला. वीज निर्माण करणाऱ्या वस्तूला जो न्याय, तोच वीज वाचविणाऱ्या वस्तूला का नसावा?

१९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनाची मांडणी करताना दीनदयाळजींनी निसर्गाला ओरबाडणाऱ्या, उपभोग वाढविण्यावरच उभ्या असलेल्या अर्थव्यवस्थेला आक्षेप घेतला होता. संघाच्या पंच परिवर्तनातही पर्यावरण व स्वबोध हे विषय एकत्र आले आहेत. शाखांतून, वस्त्यांतून, महिला मंडळांतून या विषयावर बोलणाऱ्या कार्यकर्त्यांनी सौर योजनेचे अर्ज भरून द्यावेतच. त्याबरोबर, पाच ताऱ्यांच्या पंख्यावर पाच टक्के कर, 'उजाला'च्या धर्तीवर एकत्रित खरेदी आणि वीजबिलातून फेडता येईल असा हप्ता, या तीन मागण्या आपापल्या खासदारांपुढे मांडाव्यात. पुढच्या अर्थसंकल्पाची तयारी सुरू होण्याआधी ही निवेदने दिल्लीत पोहोचली पाहिजेत.