भाताच्या केंद्रकाचा पत्ता

मे २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेचे ‘कमला’ आणि ‘पूसा डीएसटी राईस १’ हे जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले, तेव्हा चर्चा रंगली ती उत्पादन, पेटंट आणि सुरक्षितता यांवर. ती व्हायलाच हवी. पण जनुक कापणारे प्रथिन मुळात पेशीच्या केंद्रकात शिरते कसे, हा प्रश्न त्या गदारोळात मला कुठे दिसला नाही.

कॅस-९ हे प्रथिन जीवाणूचे. जीवाणूला केंद्रकच नसते. त्यामुळे केंद्रकाचा पत्ता या प्रथिनापाशी असण्याचे कारण नाही. साधारण ४० किलोडाल्टनपर्यंतची प्रथिने केंद्रकरंध्रांतून आपोआप झिरपतात. कॅस-९ त्याच्या चौपट जड. म्हणून वनस्पतीत वापरताना त्याला एक चिठ्ठी जोडतात. सर्वाधिक प्रचलित चिठ्ठी अवघ्या सात अमिनो आम्लांची, त्यांतली पाच धनप्रभारित. इम्पोर्टिन हे वाहक प्रथिन तिला धरून रंध्रातून आत नेते. आत जीटीपीशी जोडलेले रॅन हे प्रथिन विपुल असते, बाहेर विरळ. तेच इम्पोर्टिनकडून माल सोडवते. म्हणजे वाहतुकीची दिशा रंध्र ठरवत नाही, ही विषमता ठरवते, आणि ती टिकवण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्चते. (भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, जीवशास्त्र म्हणजे पाठांतर, असे तुम्हांला कोणी सांगितले?)

ही चिठ्ठी ओळखली गेली १९८४ मध्ये, एसव्ही-४० या माकडांच्या विषाणूत. विषाणूचे एक प्रथिन केंद्रकातच का साठते, एवढाच तेव्हाचा प्रश्न. माकडाच्या विषाणूचा पत्ता भातालाही वाचता येतो, कारण वाचणारी यंत्रणा प्राणी आणि वनस्पती यांच्यात बरीचशी समान राहिली आहे. वनस्पतीत परके जनुक पोहोचवणारा ॲग्रोबॅक्टेरियम तर हीच युक्ती केव्हाचा वापरतो आहे: स्वतःला केंद्रक नसूनही त्याच्या व्हिर-डी२ प्रथिनावर असा पत्ता असतो.

तो १९८४ चा प्रश्न आज आपल्याकडे प्रस्ताव म्हणून आला, तर ‘शेतकऱ्याला उपयोग काय?’ या पहिल्याच चाळणीत तो गळेल, अशी मला भीती वाटते. वाणांच्या कार्यक्रमाला निधी मिळावाच. पण दुष्काळात आणि खारवट जमिनीत वनस्पतीची ही वाहतूक कशी बदलते, हे पाहणाऱ्या प्रयोगशाळेलाही त्यात हक्काचा वाटा हवा. ‘पूसा डीएसटी’मध्ये जे जनुक संपादित केले, त्याचे प्रथिनही केंद्रकात राहूनच पानांवरील रंध्रांच्या उघडझापीशी निगडित जनुकांचे नियंत्रण करते.