परक्या ठेवीचा राखणदार

मोठेपणी काय होणार, असे मुलांना विचारले असता डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर अशी उत्तरे येतात. बँकांवर देखरेख ठेवणारा अधिकारी होईन, असे सहसा कोणी म्हणत नाही. यात नवल नाही. कारण हे काम नीट चालले असता दिसत नाही, बिघडले म्हणजेच लोकांच्या ध्यानी येते. परंतु कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आले की ते बँकेत ठेवायचे आणि पेरणीच्या वेळी पीककर्जासाठी त्याच बँकेच्या पायऱ्या चढायच्या, हा ज्या पालम तालुक्याचा परिपाठ, तेथे तरी या कामाचे मोल घरोघरी कळले पाहिजे. म्हणून चिंतामणराव देशमुख यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावे.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. १९१२ साली ते मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. केंब्रिज येथे त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचे अध्ययन केले. १९१८ च्या आय. सी. एस. परीक्षेतही त्यांचा क्रमांक पहिलाच होता. मध्य प्रांत व वऱ्हाडात सरकारी सेवा केल्यावर १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

नोट म्हणजे वस्तुतः कागदच. तिला मोल येते ते विश्वासाने. आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना हे सांगावयास नको. निजामी अमलात येथे हाली सिक्का चाले, आणि सहा कलदार रुपयांसाठी सात हाली मोजावे लागत. चिंतामणरावांच्या कारकिर्दीत या विश्वासाची कठीण परीक्षा झाली. महायुद्धाने महागाई भडकली होती. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तरी ३० जून १९४८ पर्यंत दोन्ही राष्ट्रांची मध्यवर्ती बँक हीच राहिली. १ जानेवारी १९४९ रोजी ती राष्ट्राच्या मालकीची झाली, आणि त्याच वर्षी बँकिंग कंपन्यांचा कायदा अमलात आला. पूर्वी तुटपुंज्या भांडवलावरही बँक उघडता येई, आणि अशा बँका बुडाल्या म्हणजे गोरगरिबांची पुंजी जाई. या कायद्याने परवाना, किमान भांडवल व हिशेबांची तपासणी ही बंधने घातली.

कोणी म्हणेल, कायदे असूनही बँका बुडतातच ना? खरे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना स्वतःच्याच खात्यातून आरंभी अवघे एक हजार रुपये काढता येत होते. आज पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे, हा मोठाच आधार होय. परंतु कायदा म्हणजे कुंपण. राखणदारच निजला, तर कुंपण काय करील? म्हणून कायद्याइतकीच शीलाची आवश्यकता आहे.

चिंतामणरावांचे शील १९५६ साली साऱ्या देशाने पाहिले. १९५० पासून ते केंद्राचे अर्थमंत्री होते. इंपीरियल बँकेची स्टेट बँक १९५५ साली त्यांच्याच काळात झाली. परंतु मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवण्याचा सरकारचा विचार त्यांना पटला नाही, आणि त्यांनी मंत्रिपदाचा त्याग केला. ज्याला खुर्ची सोडता येते, तोच खुर्चीवर बसून निर्भयपणे ‘नाही’ म्हणू शकतो. परक्याच्या पैशाची राखण करणाऱ्याला हाच गुण सर्वांत अधिक लागतो. कारण कर्ज मागावयास कधी मित्र येतो, कधी सोयरा, तर कधी पुढारी.

पालक म्हणतील, ते बुद्धिमान होते. आमची मुले सामान्य आहेत. पहिला क्रमांक सर्वांना मिळत नाही, हे कबूल. पण चोख हिशेबाला पहिला क्रमांक लागत नाही. बचत गटाची वही, सोसायटीची पेटी, वर्गाच्या सहलीची वर्गणी, ही सर्व परक्याचीच ठेव होय. विद्यार्थ्यांनो, वर्गणीच्या पैशातील उरलेले पाच रुपये न मागता परत करा, आणि जिवलग मित्राने त्यातूनच उसने मागितले, तर त्याला नम्रपणे नकार द्या. ज्याला हे साधले, त्याच्या हाती उद्या पालमने आपली ठेव निर्धास्तपणे सोपवावी.