माळ आपल्याच गळ्यात घालायची असते




चैत्र लागला की सातारा-सांगलीकडच्या गावांत यात्रेची पत्रकं निघतात आणि घरोघरी बोकड ठरतो. मी वशाट सोडून सहा वर्षं झाली. तरी दर यात्रेला पाहुणे विचारतात, "माळ घातली का?" नाही म्हटलं की, "मग डॉक्टरनं बंद केलं?" तिसरं काही कारण असेल, असं कुणाला वाटतच नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतंच. रक्तातली चरबी वाढली होती. पूर्वी आमच्याकडे मटण शिजायचं ते यात्रेला, नाहीतर जावई आला तर. आता बुधवार, शुक्रवार, रविवार ठरलेले आणि वर हायवेचे ढाबे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं आणि बोकड-मेंढीचं लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. यात्रेच्या एका वाटी रश्श्यानं कुणी आजारी पडत नाही. आठवड्यातून तीनदा ओरपताना मात्र विचार करावा.

तिसरं कारण दावणीचं. यात्रेसाठी पाळलेल्या करडाला घरातली पोरं पाला घालायची, त्याला नाव ठेवायची. कापायच्या दिवशी आम्ही पोरांनाच मामाकडे धाडायचो. एका वर्षी मनात आलं, जे पोरांपासून लपवावं लागतं ते आपण करतो कशाला?

हे शहरी फॅड आहे म्हणणाऱ्यांनी आषाढीआधी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या वाटेवर उभं राहावं. माउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्या किती शेतकऱ्यांच्या, मेंढपाळांच्या गळ्यात माळ असते ते दिसेल. सांगलीकडचे जैन शेतकरी तर पिढ्यान्पिढ्या भाकरी-आमटीवर ऊस आणि हळद पिकवत आले. मटणाशिवाय अंगात जोर येत नाही, हे त्यांना सांगून बघा.

मात्र मटण सोडलं आणि भजी धरली, तर तब्येतीला काही फायदा नाही. हुलगा, मटकी, पावटा, आपला मानांकन मिळालेला कोरेगावचा वाघ्या घेवडा रोज ताटात हवा. शंभर ग्रॅम कोरड्या कडधान्यात वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. बी-१२ हे जीवनसत्त्व कडधान्यात नसतं. त्यासाठी दूध-दही घ्यावं, अधूनमधून रक्त तपासावं. आणि दूध पितो म्हणून मी फार पवित्र झालो, असंही नाही. गोठ्यातला रेडा पुढे कुठे जातो, हे प्रत्येक दूधवाल्याला ठाऊक असतं.

म्हणूनच दुसऱ्यावर सक्ती करायला माझा विरोध आहे. 'आम्ही खात नाही' हे वाक्य आपल्याकडे माणसं पंगतीबाहेर बसवायला वापरलं गेलंय. माण, आटपाडी, जतच्या कोरड्या रानात मेंढरं-शेळ्या हाच ज्याचा भरवसा, त्याला मी काय शिकवणार? माझं म्हणणं उसाच्या बिलावर ढाबा गाठणाऱ्यांसाठी आहे. शिवाय सक्तीनं फारसं साधतही नाही. मांढरदेवच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ च्या चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे भाविक गेले. त्यानंतर तिथल्या पशुहत्येवर निर्बंध आले, तरी यात्रेच्या तोंडावर मनाई आदेश काढावेच लागतात. माळकऱ्यानं एकदा माळ घातली की त्याला आदेश लागत नाही. गाडगेबाबांनीही लोकांना बोकड मारू नका म्हणण्याआधी स्वतःच्या मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून गोड जेवण घातलं होतं. भाऊबंद रागावले, पण सुरुवात त्यांनी आपल्या घरातून केली.

यात्रा कमिट्यांना माझी विनंती साधी आहे. माळकऱ्यांची वेगळी पंगत गावोगाव असतेच. आमटी-भात, शिरा, एका कोपऱ्यात, बहुतेक वेळा शेवटी उरकलेली. ती मांडवात मध्ये घ्या, वेळेवर वाढा, आणि ज्याला बसायचं त्याला बसू द्या. त्याच्या गळ्याकडे बघू नका. माझ्या ओळखीत दोघं-तिघं असे आहेत, ज्यांना सोडायचंय, पण पाहुण्यांना उत्तर काय द्यायचं म्हणून ते दरवर्षी रश्शाच्या पंगतीत बसतात.

आपला,
एक वाचक,
ता. कराड, जि. सातारा