दोन वह्यांचा जमाखर्च

यवतमाळचे बिऱ्हाड मोडून पुण्यास मुलाकडे जावे की नाही, हा सध्या आमच्या घरातला प्रश्न आहे. म्हणून परवा मी आणि सौ. दोन वह्या घेऊन बसलो.

पुण्यात चिरंजीवांच्या दोन खोल्यांचे जे भाडे, त्यात आमचा इथला अख्खा महिना निघतो. भाजी दारात येते. दूधवाला बिल मागायला विसरेल, पण प्रकृती विचारायला विसरणार नाही. "यवतमाळ जिंकले!" मी जाहीर केले.

"थांबा, पाणी लिहा," सौ. म्हणाली.

लिहिले. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले, तेव्हा टँकरमागे आम्हीच धावलो होतो. पुढल्याच जानेवारीत याच गावी साहित्य संमेलन थाटात झाले. पाहुण्यांना पाणी देताना माझा हात मात्र अजून आखडत होता!

"आता ती रात्र लिहा."

माझ्या छातीत कळ आली ती रात्र. सौ.च्या एका हाकेसरशी शेजारी गाडी काढून उभे राहिले. मुलगा रात्रभर बसमध्ये जागून सकाळी पोचला. त्याचा तो चेहरा कोणत्या वहीत मांडावा?

बराच वेळ कोणीच बोलले नाही. मग सौ.नेच निकाल दिला. उन्हाळा पुण्यास, नातवाजवळ. बाकीचे आठ महिने इथे, शेजाऱ्यांच्या हाकेच्या टप्प्यात.

प्रवासखर्च वाढेल खरा. पण एस.टी.त पासष्टीनंतर अर्धे तिकीट असते. म्हातारपणाची तेवढीच एक जमा!