खाणावळ बंद, चूल चालू!

आदिवासी मुलींना कॉलेजची दारं उघडी आहेत, असं आपल्याला ऐकवलं जातं. आंबेगावच्या पश्चिमेला, आहुपे-तिरपाडच्या मुलीला विचारा. घोडेगावच्या कॉलेजात यायचं तर एस.टी. डिंभे धरणाच्या कडेनं येते. याच धरणात आदिवासींची शेतं बुडाली, पाणी खालच्या उसाला गेलं. गाडी चुकली की दिवस गेला. जुन्नरच्या पश्चिमेलाही हेच. म्हणून वसतिगृह असेल तरच शिक्षण. मुलाला एखादे वेळी खोली घेऊन देतील. मुलीला? "एकटी कशी राहील?" म्हणतील, हिरडा गोळा करायला धाडतील, नाहीतर लग्न उरकतील.

आणि २०१८ साली शासनानं काय केलं? आदिवासी वसतिगृहांच्या खाणावळी बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर द्यायचं ठरवलं. पैसे उशिरा आले तर खायचं काय? जुलैत विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. पोलिसांनी त्यांना वाटेत अडवलं.

खाणावळ बंद झाली की मुलगा बाहेर कुठंतरी जेवतो. मुलगी संध्याकाळी एकटी कुठं जाणार? ती खोलीतच स्टोव्ह पेटवते. घरची चूल सोडून शिकायला आली, तर शासनानंच तिच्या हाती पुन्हा पळी दिली! वर वर्गात टोमणा आहेच: "तुम्हाला काय, सगळं फुकट!"

आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय घोडेगावातच आहे. मैत्रिणींनो, तिथं मुलींसोबत आपणही जाऊ. मागणी साधी आहे: तालुक्याला मुलींची पुरेशी वसतिगृहं, आणि प्रत्येकात शिजवलेलं जेवण.