शेरा : सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड

नोटीस पीरियड, फुल अँड फायनल, रिलीव्हिंग लेटर... भोसरी ते चाकण पट्ट्यात नोकरी करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, हे तीन शब्द तोंडपाठ असतात. पगारवाढ मनासारखी नाही झाली तर माणूस दोन दिवस कुरकुरतो आणि गप्प बसतो. पण रिलीव्हिंग लेटर अडलं की त्याची झोप उडते. कारण पुढची कंपनी आधी तेच मागते. मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत एचआरला आहे, त्यामुळे हे कागद रोज हाताखालून जातात. अख्ख्या फाइलमध्ये सगळ्यात बारकाईने वाचली जाणारी ओळ कुठली माहितीय? डिग्री नाही, मार्क नाहीत. 'रिझन फॉर लीव्हिंग'!

आता समजा, त्या एका ओळीत तुमच्या जुन्या कंपनीने तुमचं खासगी आयुष्यच छापून टाकलं तर? तुम्ही कुणावर प्रेम करता, कुणाबरोबर राहता, हे? आणि तो कागद पुढची तीस-चाळीस वर्षं प्रत्येक इंटरव्ह्यूला दाखवत फिरायचं?

"काहीतरीच काय!" असं म्हणाल. पण जगातल्या मोठमोठ्या फौजांनी हजारो माणसांच्या बाबतीत अगदी हेच केलंय. आणि आता त्यातल्या काही फौजा जुन्या फायली स्वतः उघडून ते शेरे खोडतायत. आपल्याकडे? त्याबद्दलच आज बोलूया.

पुस्तकातला शेरा

आपल्या पट्ट्यात माजी सैनिकांची कमी नाही. दापोडीला सीएमई, देहू रोडला कॅन्टोन्मेंट आणि ऑर्डनन्स डेपो, खडकी-दिघी तर हाकेच्या अंतरावर. त्यामुळे एमआयडीसीतल्या गेटवर, स्टोअर्समध्ये, ट्रान्सपोर्टला फौजेतून आलेला एक तरी माणूस सापडतोच. आमच्या गेटवरचे सुपरवायझर काका निवृत्त हवालदार आहेत, सातारा जिल्ह्यातले. त्यांनीच मला डिस्चार्ज बुक कसं वाचायचं ते शिकवलं.

त्यात नंबर असतो, रँक, ट्रेड, किती वर्षं सेवा, कुठली मेडल्स, मेडिकल कॅटेगरी. मग येतं कॅरेक्टर : एक्झेम्प्लरी, व्हेरी गुड, गुड आणि तिथून खाली. आणि मग कारण. 'मुदत पूर्ण झाली' म्हणजे सगळं झकास. 'स्वतःच्या विनंतीवरून' म्हणजे घरची अडचण वगैरे. आणि एक असतं, 'सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड'. तुमची सेवा आता नको.

"ते वाचलं की समोरचा काही विचारत नाही मॅडम," काका म्हणाले. "पुस्तक बंद करतो आणि 'कळवतो' म्हणतो. संपलं!"

यात फक्त नोकरीचा प्रश्न नाही बरं का. जवानाला पेन्शन बसायला पंधरा वर्षं सेवा लागते, अधिकाऱ्याला वीस. बाराव्या वर्षी घरी पाठवलं तर पेन्शनच्या नावाने शून्य. शिवाय गैरवर्तनाच्या कारणाने काढलेला माणूस सरकारी व्याख्येप्रमाणे 'माजी सैनिक'च ठरत नाही. म्हणजे राखीव जागा नाही, कॅन्टीनचं कार्ड नाही, आजारपणातली ईसीएचएसची सोय नाही. गावात तर विचारायलाच नको. बँड लावून पाठवलेला मुलगा मध्येच परत का आला, याची चर्चा पारावर वर्षभर चालते.

त्यांनी कपाटं उघडली

ब्रिटनमध्ये जानेवारी २००० पर्यंत सैन्यात गे असण्यावर बंदी होती. नुसता संशय आला तरी मिलिटरी पोलीस चौकशीला बसवायचे, पत्रं-डायऱ्या तपासायचे. कित्येकांची मेडल्स काढून घेतली. १९९९ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटिश सरकारला चूक ठरवलं, तेव्हा बंदी उठली. पण आधी हाकललेल्यांचं काय? त्यासाठी लॉर्ड एथर्टन या माजी न्यायाधीशांना नेमलं. त्यांचा अहवाल जुलै २०२३ मध्ये आला आणि त्याच दिवशी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी संसदेत माफी मागितली. डिसेंबर २०२४ मध्ये साडेसात कोटी पौंडांची योजना जाहीर झाली. या कारणाने ज्यांना काढून टाकलं त्यांना प्रत्येकी ५० हजार पौंड, म्हणजे आपले पन्नास लाखांहून जास्त. आणि काढलं नाही, पण छळ सोसला, अशांनाही २० हजार पौंडांपर्यंत.

अमेरिकेचा फंडा वेगळा होता. 'आम्ही विचारणार नाही, तुम्ही सांगू नका' हे धोरण १९९३ मध्ये ठरलं आणि सप्टेंबर २०११ मध्ये संपलं. तेवढ्या काळात सुमारे १३,५०० जणांना घरी पाठवलं गेलं. नंतर शेरा बदलून घ्यायची सोय झाली, पण अट अशी की अर्ज तुम्ही करायचा, कागद तुम्ही जमवायचे. कितीजण करणार? ज्या गोष्टीवरून एकदा अपमान झाला, तीच पुन्हा फॉर्ममध्ये लिहायची, वकील शोधायचा... बहुतेकांनी नाद सोडला. शेवटी २०२३ मध्ये संरक्षण खात्याने ठरवलं, अर्जाची वाट बघायची नाही. आपणच फायली काढायच्या. ८५१ फायली तपासल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं की त्यातल्या आठशेहून अधिक लोकांचा डिस्चार्ज सन्मानाचा करण्यात आलाय.

मला यातला एक तपशील फार महत्त्वाचा वाटतो. आठशेहून अधिक, पण सगळे ८५१ नाहीत. म्हणजे ज्यांच्या फाइलमध्ये खरोखरचं दुसरं गैरवर्तन होतं, ते बाजूला ठेवले. सरसकट माफी नाही, एकेक फाइल वाचून केलेला निवाडा.

कॅनडाच्या पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये माफी मागितली आणि भरपाई दिली. जर्मनीने २०२१ मध्ये कायदाच केला. अर्थात गाडी उलटीही जाते. अमेरिकेनेच २०२५ मध्ये ट्रान्सजेंडर सैनिकांना पुन्हा बाहेरचा रस्ता दाखवला. त्यामुळे 'तिकडे सगळं छान, इकडे सगळं वाईट' असं चित्र रंगवायचं मला काही कारण नाही.

आणि आपण?

६ सप्टेंबर २०१८. ही तारीख तुम्हाला आठवत असेल. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध बाहेर काढले. त्या पाचांपैकी एक होते धनंजय चंद्रचूड, म्हणजे आपल्या चाकणच्याच खेड तालुक्यातल्या कनेरसरचं घराणं! पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ३७७ कलमच पुस्तकातून गेलं.

पण फौजेचं पुस्तक वेगळं आहे. आर्मी अॅक्ट १९५० चा. त्यातलं कलम ४६ 'क्रूर, अश्लील किंवा अनैसर्गिक' अशा लज्जास्पद वर्तनासाठी सात वर्षांपर्यंत कैद सांगतं. कलम ४५ अधिकाऱ्यांच्या 'न शोभणाऱ्या' वर्तनाबद्दल. यातला 'अनैसर्गिक' हा शब्द थेट ३७७ च्या घराण्यातला. घटनेचं कलम ३३ संसदेला मुभा देतं की सैन्यदलांसाठी मूलभूत हक्क मर्यादित करता येतील. त्यामुळे बाहेर जे गुन्हा नाही, ते आत आपोआप सुटत नाही. जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी पत्रकार परिषदेत स्पष्टच सांगितलं होतं : लष्कर कायद्याच्या वर नाही, पण लष्कर जुन्या वळणाचं आहे आणि आम्ही हे आत येऊ देणार नाही.

आणि जुन्या प्रकरणांचं काय? २०१८ च्या त्याच निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी म्हटलं की या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबांची इतिहासाने माफी मागायला हवी. वाचून अंगावर काटा येतो. पण त्याच निकालात हेही आहे की संपलेले खटले यामुळे पुन्हा उघडले जाणार नाहीत, चालू असलेल्यांनाच फायदा मिळेल. माफी आहे, पण फाइल बंदच!

आपल्याकडचं सगळ्यात ठळक प्रकरण नौदलातलं. साबी गिरी २०१० मध्ये नौसैनिक म्हणून भरती झाल्या, २०१६ मध्ये रजेवर असताना लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली. ऑक्टोबर २०१७ मध्ये नौदलाने त्यांना काढलं. कारण काय लिहिलं? ओळखलंत ना, 'सर्व्हिस नो लाँगर रिक्वायर्ड'. साबी ट्रान्सजेंडर आहेत, गे असणं ही वेगळी गोष्ट. पण शेरा मारायचा शिक्का एकच.

आणि दुसरे मेजर जे. सुरेश. त्यांना कुणी काढलं नाही. त्यांनी २०१० मध्ये स्वतःच लष्कर सोडलं आणि २०२० मध्ये नाव-चेहरा न लपवता सांगितलं की सोडण्यामागे गे असणं हेही एक कारण होतं. त्यांच्या आयुष्यावरून सुचलेल्या ओनिर यांच्या सिनेमाच्या स्क्रिप्टला जानेवारी २०२२ मध्ये संरक्षण खात्याने परवानगी नाकारली. आता बघा, सुरेश यांच्यासारख्या माणसाच्या कागदावर काहीच वाईट नसतं. जे हाकलायच्या आधीच उठून गेले, ते कुठल्याच यादीत येत नाहीत. एचआरमध्ये असल्यामुळे मला 'पर्सनल रिझन्स'चा अर्थ चांगला माहितीय. त्या दोन शब्दांत काय काय मावतं!

"पण फौज म्हणजे ऑफिस नाही"

हे काकांचं म्हणणं. मी त्यांना ब्रिटनचं सगळं सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, एका बराकीत तीस-चाळीस पोरं झोपतात. बॉर्डरवर एका बंकरमध्ये दोघं-दोघं. तिथे शिस्त ढिली झाली की माणूस मरतो. तुमच्या एसीतून ते नाही कळायचं."

मुद्दा बरोबर आहे. तो उडवून लावणाऱ्यातली मी नाही. पण शिस्त हवी ती कशाची? सीनियरने ज्युनियरवर जबरदस्ती केली तर तो गुन्हाच, समोर पुरुष असो की बाई. तो तसाच राहावा, कडक राहावा. प्रश्न फक्त त्यांचा आहे, ज्यांनी कुणावर जबरदस्ती केली नाही, ड्यूटीत कसूर केली नाही, आणि तरी शेरा लागला.

आणि 'जवान स्वीकारणार नाहीत' हा युक्तिवाद आपण आधी ऐकलाय. स्त्री अधिकाऱ्यांच्या पर्मनंट कमिशनच्या खटल्यात सरकारने हेच सांगितलं होतं : जवान बहुतेक ग्रामीण भागातले, बाईचा हुकूम मानायची त्यांची मानसिक तयारी नाही. १७ फेब्रुवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने तो युक्तिवाद फेटाळला. निकाल लिहिणारे पुन्हा तेच, कनेरसरचे चंद्रचूड. त्यानंतर फौज काही कोसळली नाही.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते जरा थांबले. म्हणाले, "चांगलं काम केलेल्याचं पुस्तक खराब होऊ नये, हे मात्र खरं." मला वाटतं, एवढ्यावर एकमत झालं तरी सुरुवात होते.

मग करायचं काय?

आज एखाद्याला दाद मागायची तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल आहे, मुंबईला त्याचं खंडपीठ आहे. पण मुदत सहा महिन्यांची, उशीर झाला तर कारण पटवून द्यायचं. आणि १९९० साली घरी आलेला माणूस, आज साठी ओलांडलेला, बायको-मुलं-सुना असलेला, कोर्टात उभा राहून काय सांगणार? म्हणून अमेरिकेचा धडा महत्त्वाचा. अर्ज मागू नका, फायली काढा. एक निवृत्त न्यायाधीश, दोन फौजेतलेच ज्येष्ठ अधिकारी, बंद दाराआड काम. ज्याची फाइल निर्मळ निघेल त्याला नवं डिस्चार्ज बुक साध्या टपालाने, पाकिटावर काहीही न लिहिता.

तोवर आपण? आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं. ज्या माणसांना गेटच्या आत कुणी घेत नव्हतं, त्यांच्याच हातात गेटची जबाबदारी दिली. यापेक्षा अवघड असं काही मी तुम्हाला सांगत नाहीये. तुम्ही एचआरला असाल, प्लांट अॅडमिन बघत असाल, तर एवढंच : माजी सैनिकाची फाइल आली की रँक बघा, ट्रेड बघा, किती वर्षं काम केलं ते बघा. 'नो लाँगर रिक्वायर्ड' दिसलं म्हणून पुस्तक मिटू नका. त्यामागे शंभर कारणं असू शकतात. कामाशी संबंध असेल तेवढंच विचारा. बेडरूमशी संबंध असेल ते विचारू नका, आणि कुणी सांगितलंच तर कॅन्टीनच्या टेबलावर नेऊ नका.

बाकीचं काम दिल्लीचं. पण फायली काही दिल्लीत नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे आणि बॉम्बे सॅपर्सचं तर खडकीला, नाशिक फाट्यावरून वीस मिनिटं... ट्रॅफिक नसेल तर!