झाडाला लागणारे पैसे

“पैसे काय झाडाला लागतात?” असे आपण मुलांना दटावतो. इंग्रजांच्या वसाहतीत, व्हर्जिनियात, ते खरोखरच लागत! १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फने तेथे तंबाखू लावली आणि पुढे तीच नाणे झाली. कर तंबाखूत, दंड तंबाखूत. १६९६ च्या कायद्याने पाद्रीबुवांचा वर्षाचा पगार १६,००० पौंड तंबाखू!

मला नवल वाटते ते पुढचेच. पैसा पिकवण्याच्या नादात लोक धान्य विसरले. १६१६ पर्यंत ‘आधी माणशी दोन एकर मका, मग तंबाखू’ असा हुकूम काढावा लागला. पीक वाढले तसा भाव कोसळला. म्हणून आणखी तंबाखू, आणि ती पिकवायला आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम.

पैसे झाडाला लागले खरे. घाम मात्र दुसऱ्याचाच गळला.